किड्यांचे जवळून फोटो कसे काढावेत

या भित्तिपत्रकाच्या डाव्या कडेला मी पाच फोटो डकवले आहेत. सहाव्या चौकटीत फोटो नाही. ती मुद्दाम रिकामी सोडली आहे, तिचे कारण शेवटी सांगेन.

फोटो क्रमांक 1 बघून पुष्कळ जण मला विचारतात, हा राक्षस कसला? तो राक्षस नाही. तो चतुर आहे. आपण त्याला हेलिकॉप्टर म्हणतो, तोच. त्याचे नुसते तोंड मी जवळून काढले आहे. हे फोटो काढायला मोठा कॅमेरा लागत नाही. मी बाबांच्या साध्या फोनवर काढले आहेत, आणि एक भिंग वापरले आहे. तुम्हालाही जमेल, म्हणून हा लेख लिहीत आहे.

सुरुवात अशी झाली. गणपतीच्या सुट्टीत आमच्या अंगणातल्या कढीपत्त्यावर अळ्या झाल्या. आई म्हणाली, "ह्या मेल्या सगळा पाला खाऊन टाकतील," आणि ती अळ्या काढायला चिमटा घेऊन आली. मी म्हटलं, आई थांब, आधी फोटो काढू दे. मी फोन अगदी अळीच्या नाकाशी नेला आणि फोटो काढला. तर काय, फोटोत नुसता हिरवा डाग! अळी नाही न् काही नाही. मग मी दोन बोटांनी चित्र मोठे केले, तर डागसुद्धा मोठा झाला. तेव्हा मला वाटले, फोन बिघडला.

फोन बिघडला नव्हता. बाईंनी मला एक प्रयोग सांगितला, तो तुम्ही घरी करून बघा. वर्तमानपत्र जमिनीवर ठेवा. फोनमधून अक्षरे बघत बघत फोन खाली न्या. आधी अक्षरे स्पष्ट दिसतात आणि मोठी होत जातात. मग एका जागी एकदम धूसर होतात. ती जागा आली की फोन थोडा वर घ्या आणि पट्टीने अंतर मोजा. त्याच्यापेक्षा जवळ फोनला दिसत नाही. आपणही पुस्तक नाकाला लावले तर वाचता येत नाही, तसेच. आमच्या फोनचे अंतर 9 सेंटिमीटर आले. मी अळीजवळ फोन नेला होता दोन सेंटिमीटरवर, मग डाग नाही तर काय येणार!

पण 9 सेंटिमीटरवरून मुंगी काढली तर ती फोटोत मुंगीएवढीच दिसते. बोटांनी मोठे केले तर चित्र फाटल्यासारखे होते, कारण फोनने जे पाहिलेच नाही ते नंतर कुठून आणणार? म्हणून भिंग लागते. आपल्या शाळेच्या विज्ञान साहित्याच्या पेटीत भिंग आहे. बाईंनी मैदानात त्याच्यावर ऊन धरले आणि खाली कागद ठेवला. उन्हाचा अगदी बारीक ठिपका पडला आणि कागद जळू लागला. ठिपका सर्वांत बारीक असताना भिंगापासून कागदापर्यंतचे अंतर मोजले, ते 10 सेंटिमीटर भरले. (हा प्रयोग मोठ्या माणसाबरोबरच करा, आणि भिंगातून सूर्याकडे कधीच बघू नका. भिंग लावलेला फोनही सूर्याकडे धरू नका.)

आता गंमत ऐका. 10 सेंटिमीटरचे भिंग फोनच्या कॅमेऱ्याला चिकटवून धरले, तर 9 सेंटिमीटरच्या ऐवजी 5 सेंटिमीटरच्या आसपास जवळ जाता येते. म्हणजे अंतर जवळजवळ निम्म्यावर आले. अंतर निम्मे झाले की किडा दुप्पट मोठा दिसतो. भिंग जितके फुगीर, तितके जास्त जवळ जाता येते. मी भिंग रबरबँडने फोनला बांधतो. दुकानात फोनला चिमट्याने लावायची छोटी भिंगे मिळतात, पण सुरुवातीला ती घेण्याची काही गरज नाही. शेजारच्या दादाने कॅमेऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून फोटो मोठा येतो असेही दाखवले. ते खरे आहे, थेंब म्हणजे एक भिंगच. पण बाबांच्या फोनवर पाणी टाकायची माझी हिंमत नाही.

भिंग लावल्यावर सगळे सोपे होईल असे मला वाटले होते. उलट कठीण झाले. एक तर हात थोडा जरी हलला तरी फोटो हलतो. दुसरे म्हणजे, फक्त एक बारीकशी पट्टी स्पष्ट येते. चतुराचे डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर, पाय स्पष्ट आले तर डोळे धूसर. फोटो क्रमांक 1 मध्ये पंख दिसत नाहीत, त्याचे कारण हेच. बाई म्हणाल्या, डोळे धर, बाकी जाऊ दे. माणसाच्या फोटोतसुद्धा आपण आधी डोळेच बघतो.

म्हणून मी असे करतो. दोन्ही कोपरे गुडघ्यावर किंवा जमिनीवर टेकवतो. पडद्यावर किड्याच्या डोळ्यावर बोट ठेवतो. मग बोट काढून अख्खा फोन एकेक केस पुढे, एकेक केस मागे नेतो. डोळा चमकला की श्वास रोखून बटण दाबतो. एक नाही, दहा-वीस फोटो काढतो. त्यातला एखादा बरा निघतो. पहिल्या रविवारी मी 74 फोटो काढले आणि चांगले आले दोन.

एक सांगायचे राहिले. फोटो काढून झाले की वाईट फोटो लगेच पुसून टाका. मी पुसले नव्हते. बाबांना कामावर एका कागदाचा फोटो काढायचा होता, तर फोन म्हणाला जागा नाही. बाबांनी उघडून बघितले तर आत 200 च्या वर मुंग्या! त्यानंतर आठ दिवस फोन मिळाला नाही.

वेळ सकाळची चांगली. का ते सांगतो. आपले अंग थंडीतही गरम असते. चतुर, फुलपाखरे यांचे तसे नसते. त्यांचे अंग सकाळी गार पडलेले असते. उन्हात पंख पसरून बसून ती आधी तापतात, मग उडतात. तोपर्यंत ती जागची हलत नाहीत, आणि आता हिवाळ्यात तर त्यांच्या अंगावर दवाचे थेंबही असतात. शिवाय दुपारी खाडीकडून वारा सुटतो आणि पाने हलायला लागतात, मग काही जमत नाही. बाबांची रात्रपाळी असते तेव्हा ते सकाळी येऊन झोपतात. ती माझी फोटोची वेळ.

उजेड एका बाजूने आला तर दुसरी बाजू काळी पडते. तिथे मी बिस्किटाच्या पुड्याचा आतला चंदेरी कागद धरतो. उजेड त्याच्यावर आपटून किड्यावर पडतो. फोनची बत्ती मी लावत नाही. ती इतकी जवळून लावली की किडा पांढराफटक दिसतो.

आता किड्याजवळ कसे जायचे ते. याला सर्वांत जास्त वेळ लागतो. आपण धावत गेलो तर ते उडतातच. आपली सावली अंगावर पडली तरी उडतात. म्हणून सूर्य कुठे आहे ते आधी बघायचे, आणि बसत बसत, थांबत थांबत जायचे. उभे राहून वरून फोटो काढू नये, वरून सगळे किडे सारखेच दिसतात. किड्याच्या तोंडासमोर फोन आला पाहिजे, म्हणजे आपल्याला खाली पडावे लागते. मी भाताच्या कापलेल्या शेताच्या बांधावर पालथा पडलो होतो, तर आजी लांबून ओरडली, "कनाला चिखलान पालथा परलास रं?" आजीच्या आवाजाने चतुर उडाला.

पण चतुराची एक सवय मला तेव्हाच कळली. तो उडाला, एक फेरी मारली आणि परत त्याच काटकीवर येऊन बसला. पुन्हा उडाला, पुन्हा तिथेच. अशा जातीच्या चतुराच्या मागे धावायचेच नाही. काटकीजवळ फोन धरून गप्प बसायचे, तोच येतो. फोटो क्रमांक 1 असा पाचव्या फेरीला मिळाला. चतुराच्या एका डोळ्यात बारीक बारीक डोळे असतात, काही जातींत 30 हजारांपर्यंत. माझ्या फोटोत ते वेगवेगळे दिसत नाहीत, त्याला सूक्ष्मदर्शक लागेल. मात्र डोळे किती मोठे ते दिसते. डोक्यात डोळ्यांशिवाय दुसरे काही आहे की नाही असे वाटते. आपल्यातले काही जण त्याच्या शेपटीला दोरा बांधतात. दुसरीत असताना मीपण बांधला आहे. आता बांधत नाही.

फोटो क्रमांक 2 फुलपाखराच्या पंखाचा आहे. हे फुलपाखरू नावडे फाट्याजवळ रस्त्याकडेला मेलेले सापडले. पहिल्यांदा शिकताना असे न हलणारे काहीतरी घ्यावे. रुपयाचे नाणे घ्या, फूल घ्या, गोगलगाय घ्या. नीट बघा, पंखावर घराच्या कौलांसारखे एकावर एक खवले आहेत. फुलपाखरू धरले की बोटांना जी पावडर लागते ती पावडर नसते, हे खवले असतात. ते गेले की परत येत नाहीत.

फोटो क्रमांक 3 आंब्यावरच्या लाल मुंगीचा. या मुंग्या पाने जोडून घर करतात. पानांच्या कडा मोठ्या मुंग्या ओढून धरतात आणि आपल्या पिल्लांना तोंडात धरून इकडून तिकडे फिरवतात. पिल्लांच्या तोंडातून रेशीम निघते, त्याने पाने शिवली जातात. म्हणजे पिल्लू हीच सुई आणि पिल्लू हाच दोरा! त्यांचा फोटो काढणे फार कठीण, कारण त्या थांबत नाहीत आणि चावतात. मला मानेवर चार ठिकाणी चावल्या. फोटोत मुंगीच्या अंगावर बारीक केस दिसतात. आजीने ते पाहिले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. म्हणाली, जन्मभर मुंग्या झटकल्या, यांना केस असतात ते आज कळलं.

फोटो क्रमांक 4 वर लाल शाईची खूण आहे, ती बाईंनी केली आहे. मी खाली "कीटक" असे लिहिले होते. तो कीटक नाही, उड्या मारणारा कोळी आहे. कीटकाला सहा पाय असतात आणि त्याच्या अंगाचे डोके, छाती, पोट असे तीन भाग असतात. कोळ्याला आठ पाय. या कोळ्याला डोळेही आठ असतात, त्यांतले दोन समोर मोठे. आपण फोन नेला की तो वळून आपल्याकडेच बघतो. म्हणून फोटो काढायला कोळी बरा. नाव चुकले तरी फोटो चांगला आहे म्हणून बाईंनी ठेवू दिला.

आता फोटो क्रमांक 5, म्हणजे कढीपत्त्यावरची अळी. लहानपणी ही अळी काळी-पांढरी असते, हुबेहूब चिमणीच्या विष्ठेसारखी. म्हणून पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. मी तिच्या डोळ्यावर बोट ठेवून फोटो काढला होता. नंतर बाईंनी सांगितले, ते डोळे नाहीतच! ते पाठीवरचे नकली डोळे आहेत, शत्रूला घाबरवायला. खरे डोके खाली लहानसे असते आणि खरे डोळे टाचणीच्या टोकाएवढे. अळीने मलाच फसवले. तिला धक्का लागला की डोक्यामागून दोन लाल शिंगे बाहेर येतात आणि उग्र वास येतो. शिंगांचा फोटो काढायचा म्हणून मी तिला काडी टोचणार होतो, पण आईनेच मला थांबवले. चिमटा घेऊन आलेली आईच, बरं का! अळीचा मोठा फोटो बघितल्यापासून तिने अळ्या काढल्या नाहीत. म्हणाली, खाऊ दे, पाला पुन्हा फुटतो. आणि खरेच फुटला.

या अळीचे कॉमन मॉरमॉन नावाचे काळे फुलपाखरू होते. नराच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असते. काही माद्या मात्र वेगळ्याच, लाल ठिपक्यांच्या दिसतात. त्या दुसऱ्या एका बेचव फुलपाखराची नक्कल करतात, म्हणजे पक्षी फसतात. याच्याच नात्यातले मोठे फुलपाखरू म्हणजे ब्लू मॉरमॉन, राणी पाकोळी. महाराष्ट्र सरकारने 2015 साली त्याला राज्य फुलपाखरू ठरवले. असे करणारे आपले राज्य देशात पहिले.

ही नावे मी फोटोवरून शोधली. बाईंनी आयझॅक किहिमकर यांचे भारतातल्या फुलपाखरांचे मोठे पुस्तक दाखवले. ते 2008 साली निघाले. पुस्तक इंग्रजीत आहे, पण फोटो बघायला इंग्रजी लागत नाही. किहीम नावाचे गाव आपल्याच जिल्ह्यात आहे, अलिबागजवळ. तिथेच 1930 साली सलीम अली यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. सुगरण हा पक्षी आहे, कीटक नाही, पण गप्प बसून बघत राहणे दोन्हीकडे सारखेच. दिवाळीत मी आत्याकडे ठाण्याला गेलो, तेव्हा घोडबंदर रस्त्यावर ओवळे गावातली ओवळेकर वाडी बघितली. तिथे फुलपाखरांची बाग आहे. जाळी नाही, पिंजरा नाही. अळ्यांना खायला लागणारी झाडे आणि मधाची फुलझाडे लावली आहेत, म्हणून फुलपाखरे आपणहून येतात. आपल्याकडे कढीपत्ता आणि लिंबू असले तरी काही येतातच.

फोटोची वही ठेवा. तारीख, वेळ, कोणत्या झाडावर, ऊन की ढग, एवढे लिहायचे. शेजारी पट्टी ठेवून एक फोटो घेतला तर किडा किती लांब ते कळते. कॅमेरे नव्हते तेव्हा लोक हाताने चित्रे काढत. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक यांनी 1665 साली सूक्ष्मदर्शकातून बघून पिसवेचे चित्र काढले. ते इतके मोठे होते की पुस्तकात घडी घालून ठेवावे लागले. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी भिंगातून बघून चित्र काढावे. आमच्या वर्गातल्या एकीने काढलेला टोळ माझ्या फोटोपेक्षा चांगला आहे, तो उजव्या बाजूला आहे.

काळजी घ्यायची ती अशी. गवतात बूट घालून जा आणि आधी काठी आपटा, साप असतो. गांधीलमाशीच्या आणि मधमाश्यांच्या पोळ्याजवळ भिंग घेऊन जायचेच नाही, मुंग्या चावणे वेगळे आणि ते वेगळे. केसाळ सुरवंटाला हात लावू नका, खाज सुटते. रेल्वेच्या रुळांजवळ गवत आणि किडे पुष्कळ आहेत, पण आपण फोनमध्ये डोके घालून बसतो तेव्हा गाडी ऐकू येत नाही. तिथे मला जायला बंदी आहे.

आता सहाव्या चौकटीचे. अळी मोठी झाल्यावर कोष करते. कोषाची शेपटी फांदीला रेशमाने चिकटवलेली असते आणि कमरेभोवती रेशमाचा एकच धागा असतो. नारळावर चढणारा माणूस कमरेला दोर बांधून मागे रेलतो ना, अगदी तसा तो दिसतो. नवरात्रात आमच्या कढीपत्त्यावर पहिला कोष झाला. तो सावलीत होता. फोटो उजेडात यावा म्हणून मी फांदी उन्हाकडे पिरगळली. धागा तुटला आणि कोष खाली पडला. मी तो उचलून पानावर ठेवला आणि कोणाला सांगितले नाही. संध्याकाळी बघितले तर मुंग्या लागल्या होत्या. त्याचा फोटो माझ्याकडे आहे, चांगला स्पष्ट आला आहे. तो मी इथे लावलेला नाही.

आता दुसरा कोष आहे, मोरीच्या बाजूच्या फांदीवर. आई कढीपत्ता दुसऱ्या बाजूने तोडते. मी फांदीला हात लावत नाही, उजेडासाठी लांबून चंदेरी कागद धरतो. आज नववा दिवस. काल संध्याकाळी कोष हिरवाच होता. तो काळपट झाला आणि आतून पंख दिसू लागले की बहुतेक दुसऱ्या सकाळी उघडतो, असे बाईंनी सांगितले आहे. या आठवड्यात बाबांची दिवसपाळी आहे, ते साडेसहालाच फोन घेऊन जातात. मी काल विचारले, तर बाबा आधी काही बोलले नाहीत. मग जेवताना म्हणाले, काळा झाला की रात्रीच सांग, त्या दिवशी फोन घरी ठेवतो. चौकट मोकळी आहे, डिंक बाईंच्या टेबलावर आहे.